गाडीवाचून रानवाट : रेडमंडच्या बसचा हिशेब

१० मे २०२५ रोजी साऊंड ट्रान्झिटची ‘२ लाइन’ रेडमंडच्या मध्यवस्तीत पोहोचली. एप्रिल २०२४ पासून मायक्रोसॉफ्टच्या आवाराशेजारील रेडमंड टेक्नॉलॉजी स्थानकाशी थांबणारी ही लाइट रेल्वे सुमारे साडेतीन मैल पुढे सरकली आणि मेरीमूर व्हिलेज व डाउनटाउन रेडमंड ही दोन स्थानके तिला जोडली गेली. या विस्ताराची चर्चा मुख्यतः कार्यालयीन प्रवास, घरभाडी आणि नव्या इमारती यांभोवती फिरली. त्याचा आणखी एक परिणाम मात्र फारसा कोणाच्या बोलण्यात आला नाही. ही दोन्ही स्थानके पायवाटांच्या तोंडाशी उभी आहेत. मोटार नसलेल्या माणसाला वनराईपर्यंत आणि पाण्याकाठापर्यंत नेणारे दार त्यामुळे रेडमंडमध्ये थोडे अधिक उघडले आहे.

हे दार कोणासाठी महत्त्वाचे आहे, हे रेडमंडमधील मराठी घरांकडे पाहिले की उमगते. उन्हाळा सुरू झाला की पुणे, नाशिक, कोल्हापूरहून आईवडील येतात आणि बहुधा पाच-सहा महिने राहतात. मुलगा-सून किंवा लेक-जावई सोमवार ते शुक्रवार कामात असतात. आयुष्यभर पायी, एसटीने किंवा लोकलने हिंडलेली ही माणसे येथे खिडकीतून देवदारांची उंच रांग पाहत शनिवारची वाट पाहतात. मायदेशी मोटार चालवणाऱ्यांनाही रस्त्याच्या उजव्या बाजूने, महामार्गाच्या वेगात ती चालवण्याचा धीर सहसा होत नाही. एकच गाडी असलेल्या घरातील जोडीदार आणि परवान्याचे वय न झालेली मुले यांचीही अडचण तीच. अशांच्या दृष्टीने रानवाटेजवळचा बसथांबा म्हणजे कोणाला न विचारता घराबाहेर पडण्याची मुभा होय.

किंग काउंटीने हा प्रश्न हाताळण्याचा एक उल्लेखनीय प्रयोग केला. काउंटीचा उद्यान विभाग आणि मेट्रो ही बससंस्था यांनी २०१७ मध्ये ‘ट्रेलहेड डायरेक्ट’ ही सेवा सुरू केली. तिचे तात्कालिक कारण वाहनतळांची कोंडी हे होते. माउंट साय, लिटल साय, टायगर माउंटन अशा लोकप्रिय वाटांच्या पायथ्याशी सुट्टीच्या दिवशी सकाळीच जागा संपे. मग रस्त्याच्या कडेला दूरवर मोटारी लागत आणि वाहत्या रस्त्यावरून कुटुंबे चालत येत. त्यावर शहरातून थेट पायथ्यापर्यंत छोटी बस हा सोपा उपाय होता. २०१८ मध्ये मार्ग वाढले आणि सिॲटलच्या कॅपिटॉल हिल स्थानकावर उतरून माउंट सायच्या पायथ्याशी जाणे शक्य झाले. ४,१६७ फूट उंचीच्या या शिखराकडे जाणारी वाट जाऊन-येऊन सुमारे आठ मैलांची, सवा तीन हजार फुटांच्या आसपास चढाची. सिंहगड नित्य चढणाऱ्या पुणेकराला ती परकी वाटणार नाही, दमवील मात्र नक्की.

तथापि या सेवेच्या मर्यादा तिच्या घडणीतच आहेत. ती केवळ उन्हाळी हंगामात, शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांच्या दिवशी धावते. म्हणजे मंगळवारी घरी एकट्या असलेल्या आजी-आजोबांना तिचा उपयोग नाही. रेडमंडहून तिची थेट गाडीही नाही. शिवाय ती केवळ गिर्यारोहकांसाठी असल्याने खर्चाला कात्री लावताना तिच्यावर नजर आधी जाते. २०२० चा हंगाम महासाथीमुळे झाला नाही. २०२१ मध्ये सेवा परतली ती कमी मार्गांनिशी. कौगर माउंटन आणि मेलबॉक्स पीककडील जोडण्या मागे पडल्या.

येथे महाराष्ट्राचा अनुभव आठवणे उपयुक्त ठरेल. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि पुढील दशकांत ती डोंगराच्या कुशीतील वाड्यावस्त्यांपर्यंत गेली. सह्याद्रीतील भटक्यांच्या कित्येक पिढ्या रात्रीच्या मुक्कामी गाडीने पायथ्याच्या गावी उतरल्या, देवळात झोपल्या आणि पहाटे गडाला भिडल्या. लोहगडासाठी पुण्याहून लोकलने मळवली गाठायचे, हा रिवाज आजही मोडलेला नाही. ती एसटी किंवा लोकल ट्रेकरसाठी कधीच नव्हती. ती दूधवाल्यासाठी, शाळकरी मुलांसाठी, बाजाराला निघालेल्या बायांसाठी होती. भटका तिच्यातला पाहुणा होता. म्हणूनच भटक्यांचा हंगाम सरला तरी गाडी थांबली नाही. याउलट मे २०२२ मध्ये सिंहगडाच्या घाटात खासगी वाहने रोखून पीएमपीएमएलने खास ई-बस सुरू केल्या. प्रदूषण आणि कोंडी या दोन्हींवर तो योग्य उपाय होता, परंतु गर्दी आणि चार्जिंगचे गणित जुळेना. सेवा त्याच महिन्यात थांबवावी लागली.

या दोन्ही टोकांवरून एकच निष्कर्ष निघतो. रानवाटेची सर्वांत टिकाऊ बस तीच, जी रानवाटेसाठी म्हणून धावत नाही. तिच्यात नोकरदार, विद्यार्थी आणि रुग्णालयात निघालेले लोक रोज बसतात, त्यामुळे ती वर्षभर चालते. रेडमंडच्या रहिवाशांनी आपल्या वाटा शोधायच्या त्या अशाच मार्गांच्या आसपास.

या दृष्टीने पाहता शहराच्या पदरात बरेच आहे. मेरीमूर व्हिलेज स्थानकावरून चालत ६४० एकरांचे मेरीमूर उद्यान गाठता येते. उद्यानाजवळून सॅमॅमिश नदीकाठची सपाट वाट वुडिनव्हिलमार्गे बॉथेलकडे जाते. दुसऱ्या बाजूला ईस्ट लेक सॅमॅमिश ट्रेल तळ्याच्या काठाने सुमारे ११ मैलांवरील इसाक्वाला पोहोचते. ही वाट एकेकाळच्या रेल्वेमार्गावर घडवलेली असल्याने तिला जवळपास चढ नाही, ही गुडघ्यांची तक्रार असलेल्यांसाठी मोठी सोय. दाट झाडीतच चालायचे असेल तर कर्कलंड आणि बेलव्ह्यू यांच्या सीमेवरील ब्रिडल ट्रेल्स हे राज्य उद्यान आहे. साडेचारशे एकरांहून अधिक जंगलात तेथे २८ मैलांच्या वाटा आहेत. मेट्रोची २४५ क्रमांकाची बस उद्यानाच्या उत्तरेकडील नॉर्थईस्ट ७० व्या रस्त्यावरून जाते. तेथून थोडे चालले की झाडी सुरू होते. वाटा घोडेस्वारांच्याही असल्याने घोडा समोरून आला की बाजूला थांबावे, एवढा शिष्टाचार पाळायचा.

समुद्राची ओढ असणाऱ्यांसाठी सिॲटलमधील ५३४ एकरांचे डिस्कव्हरी पार्क आहे. शहराच्या मध्यभागातून ३३ किंवा २४ क्रमांकाच्या बसने तेथे जाता येते. जंगलातून फिरणारी २.८ मैलांची वाट आणि खाली वेस्ट पॉइंटचे दीपगृह असा समुद्र आणि वन यांचा मेळ एकाच दिवसात साधतो. खुल्या प्रशांत महासागराचा किनारा हवा असेल तर पल्ला लांबचा आहे आणि वाटेत मुक्काम करावाच लागतो. सिॲटलहून फेरीने बेनब्रिज बेट, तेथून क्लॅलम ट्रान्झिटच्या ‘स्ट्रेट शॉट’ बसने पोर्ट एंजेलिस, पुढे फोर्क्स आणि शेवटी ला पुश असा हा प्रवास होतो. ला पुशच्या रस्त्यावरच थर्ड बीचची वाट सुरू होते आणि १.४ मैल जंगल ओलांडून वाळूवर उतरते. ही बस क्विल्यूट जमातीच्या वस्तीला आणि फोर्क्ससारख्या छोट्या गावाला जगाशी जोडण्यासाठी धावते. येथेही भटका पाहुणाच असतो आणि म्हणूनच त्याला ती लाभते.

खर्चाची बाजूही विचारात घेण्याजोगी आहे. राज्य उद्यानांत आणि माउंट सायसारख्या राज्याच्या वनभूमीवर मोटार उभी करण्यासाठी ‘डिस्कव्हर पास’ लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचे वार्षिक शुल्क ३० वरून ४५ डॉलर झाले. हा पास वाहनासाठी असतो. बसने आलेल्याला तो लागत नाही. मेट्रोचे प्रौढ भाडे सप्टेंबर २०२५ पासून ३ डॉलर आहे आणि ओर्का कार्डावर दोन तासांत बदलीची सवलत मिळते. १८ वर्षे व त्याखालील मुलांना सप्टेंबर २०२२ पासून प्रवास विनामूल्य आहे. ६५ वर्षांवरील प्रवाशांना सवलतीचे कार्ड काढल्यास भाडे १ डॉलर पडते. आजी-आजोबा आणि नातू यांची मेरीमूरची फेरी त्यामुळे जाऊन-येऊन चार डॉलरांत होते.

अर्थात उणिवा नजरेआड करून चालणार नाही. बसथांबा आणि वाटेचे तोंड यांमध्ये कित्येक ठिकाणी पदपथ तुटतो. शनिवार-रविवारी काही मार्गांवरील फेऱ्या विरळ होतात. एक बस चुकली की दुसरीसाठी बराच वेळ पावसात उभे राहावे लागते. डिसेंबरात येथे साडेचारच्या आतच सूर्य मावळतो. गड उतरताना शेवटच्या एसटीचा हिशेब मनात ठेवण्याची जुनी सवय येथेही मोडू नये. ‘२ लाइन’च्या विस्ताराबरोबर तळ्याच्या पूर्वेकडील बसमार्गांची फेरमांडणीही होत आहे. म्हणून निघण्यापूर्वी मार्ग आणि वेळा तपासून घेणे अगत्याचे आहे.

ही फेरमांडणीच सध्याची खरी संधी आहे. मेट्रो आपल्या सेवेत वर्षातून दोनदा बदल करते आणि मोठ्या बदलांपूर्वी लोकांचे म्हणणे मागवते. आपले मत नोंदवण्यासाठी नागरिकत्व लागत नाही. एच-१बी वर असलेल्या अभियंत्यालाही ते मांडता येते. परंतु अशा चर्चेत कार्यालयीन वेळेतील प्रवाशांचा आवाज स्वाभाविकपणेच मोठा असतो. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी अकरा वाजता उद्यानाकडे जाऊ पाहणाऱ्या सत्तरीच्या जोडप्याची बाजू मांडायला बहुधा कोणी नसते. मोजदाद होते ती बसमध्ये चढलेल्यांची. घरात बसून राहिलेल्यांची नोंद कोठेच होत नाही.

म्हणून रेडमंडच्या मराठी समाजाने दोन गोष्टी मनावर घ्याव्यात. पहिली, पाहुणे आलेल्या आईवडिलांना पहिल्याच आठवड्यात ओर्का कार्ड हाती देऊन एक फेरी त्यांच्याबरोबर बसने करावी. वाट एकदा पायाखालची झाली की पुढे ते स्वतः जातील. दुसरी, उन्हाळी खास बसचे कौतुक करतानाच रोजच्या बसच्या दुपारच्या आणि रविवारच्या फेऱ्यांसाठी, थांब्यापासून वाटेपर्यंतच्या पदपथासाठी आग्रह धरावा. खास बस हंगामासोबत येते आणि जाते. जानेवारीच्या बुधवारीही जी बस येते, तिच्यावरच मोटार नसलेल्या माणसाला विसंबता येते.