भीती विकणे हा वैद्यधर्म नव्हे

"धातू जातो" असे खालच्या मानेने सांगणारा तरुण आपल्या जिल्ह्यातील कोणत्याही वैद्यास अपरिचित नाही. अनेकदा व्याधीपेक्षा त्याची भीतीच मोठी असते. ती भीती कोठून आली, याचा विचार आपण करावयास हवा, असे आम्हांस वाटते.

हस्तमैथुनाने वेड लागते, दृष्टी जाते, ही शिकवण आयुर्वेदाची नव्हे. स्विस वैद्य तिसो यांच्या १७६० च्या ग्रंथाने ती युरोपात दृढ केली. एकोणिसाव्या शतकातील पाश्चात्त्य वैद्यकाने ती उचलून धरली आणि पुढे त्याच वैद्यकाने ती सोडून दिली. १९४८ च्या किन्से अहवालाने ही सवय बहुसंख्य पुरुषांत आढळते, हे दाखविले. महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिकातून हेच निर्भयपणे सांगितले. वाचकांच्या अशा प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही कर्व्यांना दंड झाला.

आपल्या संहिता काय सांगतात? शुक्र हा सातवा धातू. अतिव्यवायाने त्याचा क्षय होतो. सद्वृत्तात चरकाचार्यांनी अयोनिमैथुन निषिद्ध मानले आहे, हेही खरे. परंतु तेरा अधारणीय वेगांत रेतोवेगाची गणना त्यांनीच केली आहे. माधवनिदानात हस्ताभिघात येतो तो उपदंशाचे स्थानिक कारण म्हणून. बृहत्त्रयीत हस्तमैथुन नावाचा स्वतंत्र रोग नाही. संयमाचा उपदेश निराळा आणि सर्वनाशाची धमकी निराळी.

१९६० मध्ये डॉ. विग यांनी या भयग्रस्त अवस्थेस 'धात सिंड्रोम' हे नाव दिले. अशा रुग्णास वाजीकरण कल्पांच्या महागड्या बाटल्या देणे म्हणजे त्याच्या भीतीवर शिक्कामोर्तब करणे होय. कामशक्तिवर्धनाच्या औषधांची जाहिरात तर १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानेच निषिद्ध आहे.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. वैद्यबंधूंनी प्रथम रुग्णाचे ऐकून घ्यावे, मूत्रपरीक्षा करावी, मधुमेह वा जंतुसंसर्ग नाही याची खात्री करावी. अग्निमांद्य वा निद्रानाश असल्यास त्याची चिकित्सा करावी. उदासीनता तीव्र असल्यास मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. औषधविक्रेत्यांनी चिठ्ठीवाचून असे कल्प मागणाऱ्या मुलास वैद्याकडे धाडावे. एका बाटलीचा नफा बुडेल, पण शास्त्राची पत राहील. रुग्णास निर्भय करणे हीदेखील सत्त्वावजय चिकित्साच आहे.