शिसम यादीतच राहू द्या

शिसवाचा पाट किंवा देव्हारा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, हे मराठी घरांना वेगळे सांगायला नको. आपला शिसव आणि उत्तरेतला शिसम ही एकाच ‘डाल्बर्जिया’ गटातली शेंगावर्गीय झाडे. जगभर या गटात अडीचशेच्या आसपास जाती आहेत. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ‘साइट्स’ कराराने २०१७ पासून हा अख्खा गट नियंत्रित यादीत घातला. ही बंदी नाही, परवान्याची अट आहे. तरीही २०१९ च्या जीनिव्हा परिषदेत भारताने शेजारी देशांसह शिसमाला वगळण्याची मागणी केली. ती मान्य झाली नाही, हे बरेच झाले. एकेका जातीला संरक्षण दिले की तोड थांबत नाही, ती दुसऱ्या जातीकडे वळते. १९६० च्या दशकाअखेरीस ब्राझीलने आपल्या शिसवाच्या ओंडक्यांची निर्यात रोखली आणि गिटारवाले भारतीय शिसवाकडे वळले. २०१३ मध्ये थायलंड-कंबोडियाकडच्या जातीवर निर्बंध आले, तेव्हा चिनी फर्निचरबाजाराची मागणी पश्चिम आफ्रिकेतल्या ‘कोसो’वर, म्हणजे आपल्या बिबळा या झाडाच्या भाऊबंदावर, जाऊन आदळली. शिवाय झाड ओळखायचे ते पान, फूल आणि शेंगेवरून. रंधा मारून पॉलिश केलेला टेबलाचा पाय समोर आला, तर तो शेतातल्या शिसमाचा की जंगलातल्या दुर्मीळ जातीचा, हे बंदरावरच्या अधिकाऱ्याने नुसत्या नजरेने सांगायचे कसे? एका जातीला सूट म्हणजे बाकीच्यांना तिच्या नावाने वाट.

परवान्याच्या अटीचा फटका आपल्याला बसतो, ही सहारनपूरच्या लाकूडकाम करणाऱ्या कारागिरांची तक्रार मात्र खोटी नाही. त्यांचा शिसम शेताच्या बांधावर आणि कालव्याकाठी लावलेला असतो. जंगलतोडीचे पाप त्यांच्या माथी मारणे अन्याय आहे. पण त्यावर उतारा निघालाही आहे. २०२२ च्या पनामा परिषदेने शिसमाच्या दहा किलोपेक्षा हलक्या वस्तूंना परवान्यातून मोकळे केले, मग एकूण खेप कितीही मोठी असो. उरला जड फर्निचरचा प्रश्न. त्यासाठी बांधावरच्या झाडाची नोंद लागवडीच्या वेळीच करावी, म्हणजे कागदांची धावपळ बंदरावर होणार नाही. यादी असूनही तस्करी चालतेच, असा दुसरा आक्षेप असतो. चालते, पण २०१४ मध्ये सिंगापूरला मादागास्करच्या शिसवाचे सुमारे ३० हजार ओंडके अडवले गेले, ते यादीच्याच आधारावर. यादी नसती तर तो सरळ कायदेशीर माल ठरला असता. भारताने पुढच्या परिषदेत शिसमाची सुटका नव्हे, तर लागवडीच्या लाकडासाठी सोपा दाखला मागावा.