शीड म्हणजे चैन नव्हे

भर समुद्रात डिझेलचा पंप नसतो. म्हणून इंजिनाच्या बोटीतून महासागर ओलांडणारे आधी हिशोब मांडतात. अमेरिकी नौदलाचे निवृत्त कॅप्टन रॉबर्ट बीब यांनी १९६३ साली आपली ५० फुटी ‘पॅसेजमेकर’ सिंगापूरहून ग्रीसला नेली आणि १९७५ साली ‘व्हॉयेजिंग अंडर पॉवर’ या पुस्तकात हे शास्त्र मांडले.

अशा बोटीचा वेग एक पंचमांश घटवला, तर तेवढ्याच अंतराला डिझेल सुमारे एक तृतीयांश कमी लागते. वारे व प्रवाह दाखवणारे महिनावार पायलट चार्ट पाहून निघण्याचा महिना ठरतो. तरीही डिझेल राखून ठेवतात आणि कित्येक जण शीडही बाळगतात. एकुलते इंजिन बंद पडले, तर वाऱ्यावर बंदर गाठता यावे!

ते शीड बहुतेक दिवस गुंडाळलेलेच असते. म्हणून त्याला कोणी फालतू म्हणत नाही. मग गँगमधल्या आणि डाकघरातल्या लीव्ह रिझर्व्हलाच ‘जादा’ का म्हणायचे? बंधू-भगिनींनो, राखीव माणूस ही चैन नव्हे. अडल्या दिवशी गाडी आणि टपाल सुखरूप पोहोचवणारे ते आपले शीड आहे. राखीव जागा कापू नका, रिकाम्या जागा भरा, हीच आमची मागणी.