गटार त्यांचं, नदी आपली



आपल्यातलेच काही कार्यकर्ते म्हणतात, गटाराचा प्रश्न नगरपंचायतीचा आहे, आपली लढाई जमिनीची. आधी पट्टे घेऊ, पाण्याचं मग बघू. मला हे पटत नाही. ज्या जंगलाचा दावा आपण लावला त्यातून वाहणाऱ्या नदीत वरच्या गावाचा मैला येत असेल, तर तो पट्टा घेऊन करायचं काय? पावसाळ्यात घाण वाहून जाते म्हणून कोणी बोलत नाही. मार्च-एप्रिलात नदी थांबते, डोह तेवढे राहतात. गुरं तिथंच, मासे तिथंच, रेतीतला झिराही तिथंच. त्या डोहात जे आलं ते तिथंच राहतं.

२०१५ च्या सुमारास आपल्या गडचिरोली जिल्ह्यातली तालुक्याची गावं नगरपंचायती झाली. सिमेंटच्या नाल्या आल्या, घरोघरी संडास आले. चांगलंच झालं. आपली पोरं तिथल्या वसतिगृहात राहतात, बाजार आपण तिथंच करतो, म्हणजे त्या नालीत आपलंही पाणी आहेच. पण नाली जाते कुठं हे कोणी विचारलं नाही. नाली उतार धरते आणि उतार नदीकडं आहे.

मैला, साबण, खरकटं पाण्यात गेलं की ते कुजवणारे जंतू पाण्यात विरघळलेली हवा संपवतात. मग पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात आणि मरतात. आपण समजतो कोणीतरी विष टाकलं, आणि शेजारच्या गावावर संशय घेतो.

हेच मोठं झालं की कसं दिसतं ते वैनगंगेवर बघा. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला आणि तिथून गोसीखुर्द धरणात येतं. आता तिथं कोट्यवधींच्या योजना चालल्यात. त्याच नागपुरात भांडेवाडीला साफ केलेलं पाणी कोराडीच्या वीज केंद्राला दिलं जातं, म्हणजे करायचं ठरवलं तर होतं. आपल्या तालुक्याचं गाव अजून लहान आहे. आत्ता केलं तर स्वस्तात होईल.

लहान गावाला मोठ्या मशिनी नकोत, लाईट गेली की त्या बंदच. उथळ तळी पुरतात, एकामागून एक. पहिल्यात गाळ बसतो, पुढच्यांत ऊन आणि शेवाळ काम करतं. दोन-तीन आठवडे थांबलेलं पाणी झाडांना, शेताला देता येतं. गाळ मात्र वेळेवर काढावा लागतो.

पण तळ्यांना जागा लागते, आणि सरकारला जागा लागली की नजर कुठं जाते ते आपल्याला माहीत आहे. म्हणून म्हणतो, ही जमिनीचीच लढाई आहे. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, अंगणवाडी, रस्ता अशा कामांना एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, तीही ग्रामसभेच्या शिफारशीनं. त्या यादीत सांडपाण्याचा प्रकल्प नाही. 'तलाव' हा शब्द मात्र आहे. त्यामुळं 'तलावासाठी' म्हणून कागद सहीला आला तर त्या तलावात कोणतं पाणी येणार हे आधी विचारा. नगरपंचायतीनं आपल्या हद्दीत जागा शोधावी.

कलम ५ आपल्या हातात आहे. पाणलोट आणि पाण्याचे स्रोत सुरक्षित ठेवण्याचा अधिकार ते ग्रामसभेला देतं. १९७४ चा पाण्याचा कायदाही नदीत घाण सोडायला मनाई करतो. यासाठी सामूहिक दावा मंजूर व्हायची वाट बघत बसू नका.

येत्या ग्रामसभेच्या आधी नाली नदीला मिळते तिथं पाच-दहा जणांनी जाऊन पंचनामा करा. बायांना घेऊनच जा, कोणत्या झिऱ्याला कधीपासून वास येतो ते त्यांनाच ठाऊक. मग ठराव घ्या. एक प्रत नगरपंचायतीला, एक उपविभागीय अधिकाऱ्याला, एक प्रदूषण नियंत्रण मंडळाला. पोच घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.