शोधता न येणारी मराठी

कंट्रोल आणि एफ या दोन कळा एकत्र दाबल्या की संगणक हवा तो शब्द शोधून देतो. वर्ड असो, ब्राउझर असो वा पीडीएफ, नियम एकच. (आउटलुक तेवढे याच कळांनी पत्र पुढे धाडते, प्रत्येक घरात एखादा हेकट असायचाच.) मात्र वाळपईत टंकून घेतलेल्या ४० पानी मराठी अर्जात आम्ही ‘मुंडकार’ हा शब्द शोधू जातो, तेव्हा उत्तर मिळते : आढळला नाही. शब्द तर पानोपानी दिसत असतो!

कारण उघड आहे. युनिकोडपूर्व फाँटांत साठते ते रोमन अक्षर. देवनागरी हा केवळ वरचा मुखवटा. फाँट बदलला की तो गळून पडतो. डिचोलीहून दोडामार्गास किंवा चोर्ल्यापलीकडे बेळगावास पाठविलेला मजकूर तेथे निरर्थक चिन्हांची रांग होऊन उघडतो, तो यामुळेच.

यावर उपाय नवा नाही. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे. त्याच वर्षीच्या आयएस १३१९४ या भारतीय मानकात इनस्क्रिप्ट कळफलकही आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. ‘ल’च्या कळीवर शिफ्ट धरली की ‘ळ’. विंडोज असो वा लिनक्स, कळ तीच. विंडोजवर विंडोज-कळ व स्पेस दाबून भाषा बदलावी, एवढेच. उलट रोमन अक्षरांतून मराठी उमटविणाऱ्या साधनांत ‘ळ’साठी कुठे मोठा एल, कुठे सुचविलेल्या शब्दांतून निवड. ज्याला आपला ‘ळ’ उसना घ्यावा लागतो, त्याने भाषाभिमानाची भाषणे जरा आवरावीत.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणीस राजभाषा ठरवितानाच मराठीचाही शासकीय कामकाजात वापर करण्याची तरतूद केली. त्या तरतुदीसाठी मोर्चे काढणारी आपलीच मंडळी निवेदन मात्र छायाचित्र काढून पाठवितात. त्यातला एक शब्दही कार्यालयाला शोधता वा उद्धृत करता येत नाही. देवनागरी कोकणीही याच कळफलकावर लिहिता येते. तेव्हा येथे भांडणासही जागा नाही.

सीमेच्या दोन्ही बाजूंच्या बांधवांनी टंकलेखनाचे पैसे देण्यापूर्वी एवढेच करावे : युनिकोडमधील फाइल मागावी, तेथेच कंट्रोल-एफ दाबून आपल्या गावाचे नाव शोधावे. ते सापडले, तरच बिल चुकते करावे.