लाखेला व्हायनिल म्हणू नका

संपादक महोदय,

तबकड्या सोडून डिजिटलकडे वळणाऱ्यांवर आपल्या गेल्या अंकात आगपाखड झाली आहे. बालगंधर्वांची पदे ऐकावीत ती ‘मूळ व्हायनिलवरच’, असा लेखकांचा आग्रह. ती पदे मुळात निघाली लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. व्हायनिलची एलपी अमेरिकेतच १९४८ साली आली. म्हणजे लेखकांचे ‘मूळ’ हीसुद्धा नक्कलच. मग पुढच्या नकलेवर राग का?

डिजिटलमध्ये ‘सूर तुटतो’, हेही चूक. सीडी सेकंदाला ४४,१०० नमुने घेते. माणसाला ऐकू येणारी सुमारे २०,००० हर्ट्झपर्यंतची पट्टी त्यात मावते. कानाला टोचते ती फार दाबलेली एमपीथ्री. दोष तिला द्या.

राहिले जतन. खांबच्या पावसाळ्यात आमच्या तबकड्यांच्या वेष्टनांना बुरशी धरली. तबकड्या पुसून (लाखेच्या असतील तर स्पिरिट वापरू नये, ती विरघळते) सगळे संगणकावर उतरवले. खरखर तशीच ठेवली आहे. वेष्टनावरचा मोठा फोटो गेला, एवढे मान्य.

पुढच्या लेखाआधी लेखकांनी तबकडीवरचे लेबल वाचावे.

— एक वाचक, खांब (ता. रोहा, जि. रायगड)