आजीच्या दागिन्याची चमक आणि वजन

लग्नसराई जवळ आली की घरोघरी पत्र्याची पेटी उघडते. फडक्यात बांधून ठेवलेले आजीचे चांदीचे गोठ, जोडवी, एखादी बोरमाळ, कानातली फुले बाहेर निघतात. चांदी काळी पडलेली, सोने मळलेले. हे घरच्या घरी उजळायचे कसे, असे भगिनी आम्हाला नेहमी विचारतात.

आपल्या पणज्यांच्या अंगावर सोने क्वचितच असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना कथलाच्या नि चांदीच्या गोठ-पाटल्यांचे ओझे टाकून द्यायला सांगितले, ते अशाच दागिन्यांविषयी. पुढे गिरणीत, गोदीत, रेल्वेत राबून ज्यांनी थोडे थोडे सोने जोडले, त्यांच्या घरी तेच बँक झाले. मुलाची फी असो की दवाखाना, तेच गहाण पडते आणि तेच सोडवून आणावे लागते. तारण ठेवताना कोणी चमक पाहत नाही. वजन आणि कस पाहतात. म्हणून चमक आणताना वजन गेले, तर तो तोट्याचा व्यवहार समजावा.

आधी सोने. स्टीलच्या वाटीत कोमट पाणी घ्यावे. त्यात रिठ्याचे पाणी किंवा भांड्यांच्या पातळ साबणाचे दोन-तीन थेंब टाकावेत. दागिना दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावा आणि लहान मुलांच्या मऊ ब्रशने खाचांतला मळ हलकेच काढावा. स्वच्छ पाण्यातून काढून सुती कापडाने टिपावा. हे काम नळाखाली मोरीत करू नये. एखादा मणी निसटला तर तो मोरीतून गेलाच. राख, विटेची भुकटी, टूथपेस्ट यांनी घासू नये. त्याने नक्षी झिजते, आणि नक्षीबरोबर सोनेही.

चांदी काळी पडते तो मळ नव्हे. हवेतल्या आणि घामातल्या गंधकाशी चांदीचा संयोग होऊन तो थर बसतो. घासून काढला तर त्यासोबत चांदीही जाते. त्यापेक्षा भांड्याच्या तळाशी पोळ्या गुंडाळायचा ॲल्युमिनियमचा कागद पसरावा. त्यावर चांदी अशी ठेवावी की ती कागदाला टेकेल. वरून लिटरभर गरम पाणी आणि एक मोठा चमचा खाण्याचा सोडा घालावा. पाच-दहा मिनिटांत काळेपणा उतरतो. थोडा सडक्या अंड्यासारखा वास येतो, म्हणून खिडकी उघडी ठेवावी. यात गंधक ॲल्युमिनियमकडे जाते आणि चांदी जागच्या जागी राहते.

मात्र सगळ्यांना एकच न्याय लावू नये. बोरमाळेच्या पोकळ मण्यांत पुष्कळदा लाख भरलेली असते; गरम पाण्याने ती मऊ होऊन बाहेर येते. पुतळ्यांच्या माळेचा जुना दोरा भिजला की तुटतो. मोती आणि पोवळे यांना लिंबू, चिंच, व्हिनेगर लागले तर ती खराब होतात. सोन्याचा मुलामा दिलेला दागिना घासला की आतले तांबे दिसू लागते. असे सर्व दागिने ओलसर मऊ कापडाने नुसते पुसावेत. संडास धुण्याचे ॲसिड किंवा ब्लीचिंग तर दागिन्याजवळही आणू नये. ही दोन्ही एकत्र आली तर विषारी वायू निघतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. दुपारी पुरुषमाणसे कामावर असताना 'भांड्यांना पॉलिश करून देतो' म्हणत दोघेजण दारात येतात. आधी पितळेचा तांब्या फुकट चमकवतात, मग पैंजण, मग हळूच सोने मागतात. त्यांच्या पाण्यात नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडचे मिश्रण असू शकते. एकेकटे ॲसिड सोन्याला विरघळवत नाही, पण दोन्ही मिळून विरघळवतात; शास्त्राच्या पुस्तकात त्याला आम्लराज म्हणतात. दागिना आकाराने तसाच दिसतो आणि वजनाने हलका होतो. कधी हळदीच्या पाण्यात घालून 'अर्ध्या तासाने उघडा' म्हणतात; उघडाल तेव्हा डबा रिकामा असतो. अशा माणसांना दारातूनच परत पाठवावे. फसवणूक झालीच तर लाज न बाळगता ११२ वर फोन करावा.

सोनाराकडे उजळायला द्यायचेच असेल, तर आपल्या समोर आधी वजन करून चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि परत घेताना पुन्हा वजन करावे. कितीही ओळखीचा असला तरी हिशेब हा हिशेब.

शेवटचे काम कारकुनी आहे, पण ते कराच. एका वहीत प्रत्येक दागिन्याचे नाव, वजन, मिळाला असेल तर कस, आणि तो कोणाकडून आला, हे लिहून ठेवा. सोबत फोटो काढून ठेवा. वही पेटीत नको, वेगळ्या जागी असू द्या, आणि ती घरातल्या मुलीलाही दाखवा. आजीने काय जोडले, हे तिला आकड्यांत कळले पाहिजे.